उघड्यावरील कामगाराचे वस्त्र : दिसण्याचा आणि ऐकण्याचा प्रश्न

(रेल्वेमार्ग व रस्ते यांवर काम करणाऱ्या कामगारांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या विषयपत्रिकेत जर्किनच्या निवडीला एक संपूर्ण सत्र दिलेले पाहून काहींना नवल वाटले असेल. वेतन, कायमपणा, कंत्राटी पद्धत, निवृत्तिवेतन या प्रश्नांच्या रांगेत कपड्याचा प्रश्न किरकोळ भासतो. परंतु डिसेंबरच्या पहाटे झाशी किंवा इटारसीच्या पुढे लाइनवर चालत जाऊन ज्याला एकेक चावी ठोकून पाहायची असते, त्याच्या दृष्टीने अंगावरचे वस्त्र हे खांद्यावरच्या हातोड्याइतकेच कामाचे साधन आहे. हे साधन कोणी निवडले आणि कशाच्या आधारे निवडले, याची चौकशी मात्र सहसा होत नाही. निविदा निघते, सर्वांत कमी दराची स्वीकारली जाते, गठ्ठे येतात, आणि ज्याच्या हाती जे लागेल ते घेऊन गँग कामाला निघते.

आजवर बहुतेक ठिकाणी मिळते ते बिनबाह्यांचे नारिंगी जाकीट. उन्हाळ्यात ते पुरे पडते. थंडीत मात्र एक साधी गोष्ट घडते. कामगार प्रथम जाकीट चढवितो. गारठा असह्य झाला की वरून शाल, कांबळे किंवा घरचा काळा स्वेटर घेतो. चमकते पट्टे आत जातात आणि माणूस अंधारात मिसळून जातो. पर्यवेक्षक याला बेशिस्त म्हणतात. वास्तविक ऊब आणि दृश्यता यांपैकी एकाचीच निवड करण्याची पाळी ज्याच्यावर येते, तो ऊबच निवडणार, कारण गारठा या क्षणी अंगाला झोंबत असतो आणि गाडी अजून दृष्टिपथात आलेली नसते. म्हणूनच ऊब देणारे वस्त्र आणि दिसणारे वस्त्र एकच असले पाहिजे, ही मागणी योग्य ठरते. बाह्या असलेले, टोपी जोडलेले, झगझगीत रंगाचे आणि परावर्तक पट्टे शिवलेले जर्किन बाजारात आले ते याच गरजेतून. ते कसे पारखावे, आणि विशेषतः त्याच्या टोपीचे काय करावे, हा आजचा विषय आहे.

या वस्त्राचा इतिहास रेल्वे कामगारांशीच निगडित आहे. झगझगीत रंग स्वतः त्याहून जुने. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातील रॉबर्ट आणि जोसेफ स्विट्झर या बंधूंनी ते सिद्ध केले, आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांना खुणा करण्याच्या कापडासाठी अमेरिकन सैन्याने ते वापरले. पण कामगाराच्या अंगावर हा रंग नियमाने आला तो स्कॉटलंडमध्ये. १९६४ साली ब्रिटिश रेल्वेच्या स्कॉटिश विभागाने ग्लासगोजवळील विद्युतीकरण झालेल्या मार्गावर काम करणाऱ्या कामगारांना प्रायोगिक स्वरूपात नारिंगी जाकिटे दिली. विद्युतीकरण झालेला मार्ग ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. वाफेचे इंजिन धूर ओकीत, धापा टाकीत यायचे. त्याची चाहूल दुरून लागे. विजेची गाडी तशी येत नाही. ती वेगाने आणि तुलनेने निःशब्दपणे अंगावर येते. भारतातील ब्रॉडगेज मार्गांपैकी ९९ टक्क्यांच्या आसपास मार्गांचे विद्युतीकरण २०२५ पर्यंत झालेले आहे, आणि १५ फेब्रुवारी २०१९ पासून धावू लागलेल्या वंदे भारत गाड्या काही मार्गांवर ताशी १३० किलोमीटर आणि त्याहूनही अधिक वेग घेतात. साठ वर्षांपूर्वी ग्लासगोच्या कामगारांपुढे उभी राहिलेली परिस्थिती आज भुसावळपासून मुगलसरायपर्यंतच्या, म्हणजे आताच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनपर्यंतच्या, प्रत्येक गँगपुढे उभी आहे.

आता वस्त्र काम कसे करते ते पाहू. झगझगीत कापड आणि चमकता पट्टा यांची कामे भिन्न आहेत, आणि एकाची उणीव दुसरा भरून काढू शकत नाही. झगझगीत रंग सूर्यप्रकाशातील डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण आणि निळा प्रकाश शोषून घेतो आणि तीच ऊर्जा दिसणाऱ्या पिवळ्या किंवा नारिंगी प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो. म्हणून तो साध्या रंगापेक्षा उजळ भासतो. उजाडताना, मावळतीला आणि ढगाळ हवेत तर हा फरक विशेष जाणवतो. परंतु सूर्य मावळला की हे सामर्थ्य संपते. यार्डातील सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली नारिंगी काय आणि पिवळे काय, दोन्ही मळकट दिसतात. रात्री जे दिसते ते परावर्तक पट्ट्यामुळे. त्यात काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा सूक्ष्म लोलक बसविलेले असतात, आणि ते आलेला प्रकाश जेथून आला त्याच दिशेला परत पाठवितात. इंजिनाच्या दिव्याचा प्रकाश इंजिनचालकाच्या डोळ्याकडे परततो, हे त्याचे मर्म. बाजूला उभ्या असलेल्या मुकादमाला तोच पट्टा साधा करडा दिसेल. दिवा नसलेल्या गाडीपुढे, उदाहरणार्थ यार्डात मागे ढकलल्या जाणाऱ्या डब्यांपुढे, पट्टा निरुपयोगी आहे, ही गोष्ट शंटिंगमध्ये काम करणाऱ्यांनी विसरता कामा नये.

पट्टा कोठे शिवला आहे यालाही अर्थ आहे. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसाच्या सांध्यांवर केवळ प्रकाशाचे ठिपके ठेवून त्याला अंधारात चालविले. ठिपके स्थिर असताना पाहणाऱ्यांना काही बोध होत नसे. ते हलू लागताच हा चालणारा माणूस आहे हे क्षणार्धात कळे. रात्री गाडी हाकणाऱ्याच्या बाबतीत हेच घडते. छातीवरचा एक आडवा पट्टा त्याला खांब, फलक किंवा पिंप वाटू शकतो. मनगट, कोपर आणि घोटा यांजवळचे पट्टे हलताना दिसले म्हणजे समोर माणूस आहे हे त्याला उमगते. बिनबाह्यांच्या जाकिटापेक्षा बाह्यांचे जर्किन श्रेष्ठ ठरते ते यामुळे; ऊब हा त्याचा दुसरा गुण आहे. २०१३ च्या आयएसओ २०४७१ या आंतरराष्ट्रीय मानकात या वस्त्रांचे तीन वर्ग केलेले आहेत. दुसऱ्या वर्गात झगझगीत कापड किमान ०.५० चौरस मीटर आणि परावर्तक पट्टा किमान ०.१३ चौरस मीटर असावा लागतो. तिसऱ्या वर्गात हेच प्रमाण ०.८० आणि ०.२० इतके वाढते, आणि धडाखेरीज बाह्या किंवा पूर्ण पाय झाकलेले असावे लागतात. पट्टा निदान ५० मिलिमीटर रुंद हवा. भारतीय मानक आयएस १५८०९ हे याच प्रकारच्या वस्त्रांसाठी आहे. निविदेत नुसते «चमकणारे जाकीट» असे लिहिले जाते तेव्हा पुरवठादाराला हवे ते खपविण्याची मुभा मिळते. मानकाचा क्रमांक आणि वर्ग लिहून घेणे ही संघटनेने करावयाची पहिली गोष्ट आहे.

येथवर रस्त्यावरचा आणि रेल्वेवरचा कामगार यांच्यात भेद केलेला नाही. टोपीचा प्रश्न आला की तो करावाच लागतो, आणि या विषयातील सर्वांत मोठी गफलत येथेच होते.

रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी मोटार सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. चालकाला वेळीच माणूस दिसला तर कोरड्या रस्त्यावर ती सुमारे ८० मीटरांत थांबू शकते. भरलेल्या ट्रकला अधिक लागते. शिवाय चालक चाक वळवू शकतो. येथे दिसणे हेच संरक्षण आहे, कारण टाळण्याची क्रिया चालकाच्या हाती आहे. रेल्वेवर तसे नाही. ताशी ११० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला ३० मीटरांहून अधिक धावते आणि तिला थांबण्यास साधारण एक किलोमीटर लागतो. मार्गाचे काम चालू असताना ब्रॉडगेजवर बॅनर झेंडा ६०० मीटरांवर आणि फटाके १२०० मीटरांवर लावण्याचा नियम आहे, तो उगाच नाही. इंजिनचालकाला गाडी वळविता येत नाही. समोरचा माणूस ३०० मीटरांवर स्पष्ट दिसला तरी त्याच्या हाती एकच गोष्ट उरते : शिट्टी वाजविणे. बाजूला होण्याचे काम कामगारालाच करावे लागते, आणि त्यासाठी त्याच्याजवळ दहा सेकंदही नसतात. तात्पर्य असे की रेल्वेवर झगझगीत वस्त्राचा उपयोग शिट्टी वेळेवर वाजण्यापुरता आहे. त्या शिट्टीचा उपयोग ती ऐकू येण्यावर अवलंबून आहे. ज्या जर्किनने कामगार दिसतो त्याच जर्किनच्या जाड टोपीने जर त्याचे कान झाकले, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते.

टोपी कान झाकतेच, शिवाय नजरही अडविते. डोके वळविले तरी सैल टोपी त्याच्याबरोबर वळत नाही; डोळ्यासमोर टोपीचे अस्तर येते आणि मागून येणाऱ्या रुळावर नजर टाकण्यासाठी संपूर्ण धड फिरवावे लागते. अस्तराचे कापड कानाशी सतत घासत राहते, त्याची खसखस वेगळीच. दोन मार्गांच्या मध्ये उभे असताना एका बाजूने मालगाडीचा खडखडाट चालू असेल, तर दुसऱ्या बाजूची शिट्टी उघड्या कानालाही नीट कळत नाही. तेथे कानावर दुहेरी कापड ओढून उभे राहण्याचा परिणाम काय होईल, हे गँगमधील कोणालाही सांगावे लागणार नाही.

मग टोपी नकोच काय? असा निष्कर्ष घाईचा ठरेल. सह्याद्रीच्या थळ घाटात किंवा बोरघाटात पावसाळ्यातील रात्रीची गस्त घालणारा माणूस टोपीशिवाय दोन तासांत भिजून काकडतो, आणि काकडलेल्या माणसाची सावधगिरी ओसरते. काश्मीरच्या बनिहालकडील मार्गावर किंवा लडाखच्या रस्त्यांवर काम करणाऱ्याला डोके झाकण्यावाचून गत्यंतर नाही. टोपी असावी, परंतु ती जर्किनपासून काढता येणारी असावी. चेनने किंवा टिचबटणांनी जोडलेली टोपी काढून खिशात टाकता येते. शिवून टाकलेली टोपी काढता येत नाही, आणि ती पाठीवर लोंबत राहिली तर खांद्यामागचा पट्टा झाकते. खरेदी करताना टोपी पाठीवर टाकून मागून पाहावे. पट्टा झाकला जात असेल तर तो नमुना परत करावा. टोपीच्या मागच्या बाजूला ती आवळण्याची सोय हवी, म्हणजे ती डोक्याबरोबर वळते. गळ्याशी लोंबणारी लांब नाडी मात्र नको. ती टॅम्पिंग यंत्रात, ड्रिलमध्ये किंवा सरकत्या पट्ट्यात अडकली तर गळाच आवळते. काही नमुन्यांत कानाच्या जागी जाळीदार कापड लावलेले असते. रेल्वेसाठी तोच नमुना मागावा. आणि पहारेवाल्याने, म्हणजे गाडी येत आहे का हे पाहून गँगला इशारा देण्यासाठीच ज्याला उभे केले जाते त्याने, कामावर असताना टोपी ओढू नये. त्याला थंडी वाजत असेल तर त्याची पाळी दर अर्ध्या तासाने बदलावी, पातळ विणीची लोकरी टोपी द्यावी. पहाऱ्यावर माणूस कमी असल्यामुळे पाळी बदलता येत नाही, असे उत्तर मिळते. ते उत्तर रिक्त जागांच्या प्रश्नाकडे नेते. त्याची चर्चा दुसऱ्या सत्रात होणार आहे.

शिरस्त्राणाचीही येथेच नोंद घ्यावी. जाड टोपीवर शिरस्त्राण चढविले की त्याच्या आतील पट्ट्यांची बैठक बिघडते आणि वाकताच ते घसरते. शिरस्त्राणावरून टोपी ओढली तर समोरचा दिवा झाकला जातो आणि कडेचे काही दिसत नाही. दोन्ही एकत्र वापरायचे असतील तर टोपीच्या आतील अस्तर पातळ असावे, आणि शिरस्त्राण टोपीसह घालून पाहूनच माप ठरवावे.

यापुढे एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे नाशिक जिल्ह्यात लासलगावजवळ मार्गावर काम करणारे चार ट्रॅकमन टॉवर वॅगनखाली सापडून ठार झाले. २२ जानेवारी २०२४ च्या रात्री वसई रोड आणि नायगाव यांच्या दरम्यान सिग्नल विभागाचे तीन कर्मचारी लोकल गाडीखाली मरण पावले. अशा घटनांनंतर पहिला प्रश्न ऐकू येतो तो असा : त्यांच्या अंगावर जाकिटे होती काय? हा प्रश्न निरागस नाही. ज्या मार्गावर माणसे काम करीत आहेत त्या मार्गावर गाडी कशी आली, ब्लॉक कोणी दिला, इशारा देण्यास कोण नेमला होता, हे प्रश्न त्याच्या आधी विचारले गेले पाहिजेत. वैयक्तिक संरक्षक साधने ही संरक्षणाच्या क्रमात शेवटची पायरी होत, हे सुरक्षाशास्त्राचे सर्वमान्य तत्त्व आहे. धोका दूर करणे, माणूस आणि गाडी यांना वेगळे ठेवणे, इशाऱ्याची व्यवस्था करणे, या पायऱ्या अगोदर येतात. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ च्या अहवालात कामावर मरणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांचा प्रश्न मांडला होता. गाडी जवळ आल्याची सूचना कामगाराच्या अंगावरील यंत्राला देणाऱ्या «रक्षक» उपकरणाची चर्चाही जुनी आहे. जर्किन वाटून या सर्वांतून सुटका करून घेण्याचा प्रयत्न झाला तर तो हाणून पाडावा लागेल.

धुक्यात ही गोष्ट आकड्यांनीच सिद्ध होते. उत्तरेत जानेवारीतील दाट धुक्यात ५० मीटरांपलीकडे काही दिसत नाही. धुक्यातील सुरक्षा उपकरण बसविलेल्या गाड्यांना ताशी ७५ किलोमीटरपर्यंत वेगाची परवानगी आहे. या वेगाने ५० मीटर अंतर अडीच सेकंदांच्या आत संपते. अंगावरचा पट्टा कितीही उत्तम असला तरी अडीच सेकंदांत चालकाने पाहणे, शिट्टी वाजविणे, कामगाराने ती ऐकणे आणि हत्यारासह रुळाबाहेर होणे शक्य नाही. दाट धुक्यात चालू मार्गावर, ब्लॉक न घेता, काम करायला लावणे म्हणजे माणसाला जुगारावर लावणे होय. तेथे झगझगीत जर्किनची मागणी पुढे करण्यापेक्षा कामच थांबविण्याची मागणी करणे रास्त आहे.

कापडाच्या निवडीत एक विरोध आहे, तो समजून घ्यावा. झगझगीत रंग पॉलिएस्टरवर चांगला धरतो आणि टिकतो. सुती कापडावर तो लवकर उडतो. उलट पॉलिएस्टर ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. रुळांच्या जोडांवर थर्मिट वेल्डिंग करणाऱ्या, रूळ कापणाऱ्या किंवा घासणाऱ्या कामगारांना साधे पॉलिएस्टरचे जर्किन देणे घातक आहे; त्यांच्यासाठी ज्वालारोधक कापडाचे वेगळे वस्त्र मागितले पाहिजे. ते महाग असते. गँगमधील तिघा-चौघांनाच ते लागेल, त्यामुळे सर्वांच्या मागणीत ते बुडून जाते. म्हणून त्याची स्वतंत्र नोंद ठेवावी.

डोक्यातून घालायच्या जर्किनपेक्षा समोर चेन असलेले बरे. श्रम करताना घाम येतो, अंग तापते, मग डोक्यातून घालायचे जर्किन सरळ काढून रुळाकाठी ठेवले जाते. चेनचे असेल तर थोडे उघडता येते; पूर्ण उघडे टाकले तर मात्र समोरचे पट्टे दुभंगतात आणि समोरून माणूस अर्धा दिसतो. यावर सोपा उपाय असा की आतील ऊब देणारा थर वेगळा घ्यावा आणि झगझगीत वरचा थर पातळ ठेवावा. ऊन चढले की आतला काढता येतो, वरचा अंगावर राहतो. माप नेहमी आतील स्वेटरसह घ्यावे. स्त्री कामगारांना पुरुषांच्या मापाची जर्किने दिली जातात, बाह्या हाताबाहेर लोंबतात, खालचा पट्टा साडीच्या घडीत किंवा पदराखाली जातो. मापाची यादी करताना स्त्रियांची मापे प्रत्यक्ष घेऊनच लिहावीत. «मध्यम आकार» हा शब्द निविदा लिहिणाऱ्याच्या सोयीचा आहे, कामगाराच्या नव्हे.

रंगाबाबत सरसकट उत्तर नाही. पावसाळ्यात घाटातील हिरव्या झाडीसमोर पिवळसर हिरवा रंग हरवतो, नारिंगी उठून दिसतो. महामार्गाच्या कामावर शंकू आणि अडसर नारिंगी असतात. त्यांच्यामध्ये उभा असलेला नारिंगी माणूस सामानाचाच भाग वाटतो, तेथे पिवळसर हिरवा बरा. झगझगीत लाल रंग आंतरराष्ट्रीय मानकाला मान्य असला तरी रेल्वेवर तो नको, कारण तेथे लाल कापडाला थांबण्याचा अर्थ आहे आणि हात हलविणारा लाल बाहीचा माणूस गोंधळ उडवू शकतो. महामार्गांवरील कामाच्या टापूत वाहतूक कशी हाताळावी याविषयी भारतीय रस्ते काँग्रेसची आयआरसी:एसपी:५५ ही मार्गदर्शिका २०१४ पासून सुधारित स्वरूपात उपलब्ध आहे. कंत्राटदाराशी बोलताना ती हाताशी असावी.

नमुना पारखण्यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. अंधार पडल्यावर नमुन्याचे जर्किन एका कामगाराला घालून पन्नास पावलांवर उभे करावे. पाहणाऱ्याने विजेरी डोळ्याच्या अगदी शेजारी, कानशिलाशी धरून त्याच्याकडे रोखावी. पट्टा खरा असेल तर तो पांढऱ्या ज्योतीसारखा पेटून उठतो. नुसता चंदेरी रंगाचा असेल तर करडा राहतो. विजेरी कमरेशी धरून हा प्रयोग केला तर उत्तम पट्टाही मंद दिसेल आणि पुरवठादाराला अकारण दोष लागेल. मग तेच जर्किन पाण्यात भिजवून पुन्हा पाहावे, कारण काही प्रकारच्या पट्ट्यांची चमक पाण्याच्या थराने बरीच उतरते आणि पावसाळ्यात तेच घालायचे असते. शेवटी टोपी डोक्यावर ओढून, पाठ फिरवून त्याला उभे करावे आणि मागून आळीपाळीने शिट्टी वाजवावी. त्याने प्रत्येक वेळी हात वर केला पाहिजे. जवळच एखादे ड्रिल किंवा जनित्र चालू ठेवून हा प्रयोग केल्यास अधिक खरे उत्तर मिळेल. चालू मार्गावर हा प्रयोग अर्थातच करू नये. वसाहतीचे मैदान त्याला पुरेसे आहे.

वस्त्र किती धुण्यांपर्यंत टिकेल हे त्याच्या आतील चिठ्ठीवर छापलेले असते. ती चिठ्ठीच नसेल तर माल घेऊ नये. ग्रीस, डांबर आणि लोखंडाची भुकटी पट्ट्यावर बसली की तो निकामी होतो, आणि ते काढण्यासाठी घासणी लावली की मणी निघून जातात. ब्लीच वापरू नये, पट्ट्यावर इस्त्री फिरवू नये, उन्हात दिवसभर वाळत टाकू नये. हे नियम सांगायला सोपे आहेत. एका खोलीत सहा जण राहणाऱ्या कंत्राटी कामगाराला जर्किन सावलीत कोठे वाळवावे, हा प्रश्न मात्र चिठ्ठी छापणाऱ्याने विचारात घेतलेला नसतो. प्रत्येक कामगाराला दोन जर्किने आणि कामाच्या ठिकाणी धुण्याची व्यवस्था, ही मागणी त्यामुळे ऐषारामाची ठरत नाही.

राहिला खर्चाचा प्रश्न. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या कराराच्या कलम २१ मध्ये सुरक्षेच्या उपायांचा कोणताही खर्च कामगारावर पडता कामा नये, असे सांगितले आहे. बांधकामाविषयीच्या १९८८ च्या १६७ क्रमांकाच्या कराराचे कलम ३० संरक्षक वस्त्र मालकाने विनामूल्य द्यावे आणि त्याची देखभालही करावी असे बजावते. भारतात १९९६ चा बांधकाम कामगार कायदा ज्या संहितेत विलीन करण्यात आला ती व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता, २०२०, ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. चारही श्रमसंहितांविरुद्ध मध्यवर्ती कामगार संघटनांनी ९ जुलै २०२५ रोजी देशव्यापी संप केला होता, आणि त्यांचे आक्षेप कायम आहेत. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा १९७० च्या कायद्यातील २० वरून या संहितेने ५० वर नेली, यावरून तिचा कल ध्यानी येतो. तरीसुद्धा तिच्या कलम ६ मध्ये सुरक्षेसाठी पुरविलेल्या वस्तूंबद्दल कामगाराकडून पैसे घेऊ नयेत असे मालकाचे कर्तव्य लिहिलेले आहे. जर्किनचे पैसे पगारातून कापणाऱ्या कंत्राटदाराला ते कलम दाखवावे. रेल्वेत आणखी एक पळवाट काढली जाते. सातव्या वेतन आयोगानंतर १ जुलै २०१७ पासून ट्रॅकमनना वार्षिक ५,००० रुपयांचा गणवेशभत्ता सुरू झाला. त्यातूनच जर्किन घ्या, असे तोंडी सांगण्यात येते. गणवेश ही ओळख आहे, संरक्षक वस्त्र हे साधन आहे. भत्त्यातून फावडे विकत घ्यायला कोणी सांगत नाही.

खरेदीचे वेळापत्रक कार्यकर्त्यांनी आजच टिपून घ्यावे. थंडीचे जर्किन जानेवारीअखेर हाती पडते, कारण मागणीपत्र थंडी वाजू लागल्यावर जाते. मापांची यादी जूनमध्ये पुरी व्हावी, स्त्रियांची आणि वेल्डिंग गँगची यादी वेगळी जोडावी. जुलैत मानकाचा क्रमांक, वर्ग, काढता येणारी टोपी आणि कानाशी जाळी या अटींसह लेखी मागणी द्यावी आणि पोच घ्यावी. ऑगस्टमध्ये तीन नमुने मागवून वर सांगितलेली रात्रीची चाचणी गँगसमक्ष करावी, कोणता नमुना का नाकारला हे चाचणी केलेल्या कामगारांच्या सह्यांनिशी लिहून ठेवावे. त्या कागदाची एक प्रत शाखेच्या दप्तरी आणि एक सुरक्षा समितीकडे राहील.